दगडाखालचे पेड

पुष्कळ काळ लोटला. नद्यांना अजून नावे पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका नदीकाठी दोर वळणाऱ्यांचे गाव होते. अंबाडी पाण्यात कुजवायची, तिचा वाख सोलून काढायचा आणि त्या वाखाचे दोर वळायचे, हे तिथले काम. नदीच्या मधोमध वाळूचे एक बेट होते. थंडी सरली की गावातली मोठी माणसे त्या बेटावर कलिंगडे नि काकड्या लावत. काठावरच्या जांभळीपासून बेटावरच्या खडकापर्यंत एक जाड दोर कायम ताणलेला असे. त्याला धरून माणसे छातीभर पाण्यातून ये-जा करत.

मुलांच्या हाती मात्र कोणी वाख देत नसे. त्यांना पाठशाळेत बसवत आणि दोरांवरचे श्लोक पाठ करायला लावत. वाखाचे गुण किती, पिळाचे प्रकार किती, सारे मुले घडाघडा म्हणत. म्हणताना त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले असत.

त्या गावचा एक तरुण दूरदेशी शिकून परत आला. त्याने बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे ते रिकामे हात पाहिले आणि त्याला चैन पडेना. तो तडक पाटलांकडे गेला.

"पाटील, ही मुलं मला द्या. मी त्यांना नदीकाठी शिकवीन. या वयात हाताला काम मिळालं नाही, तर डोकंसुद्धा आळसावतं."

पाटील हसले. "एवढा लांब जाऊन शिकलास, आणि परत येऊन पोरांना दोर वळायला लावणार? अरे, ते तर आमचे बैलही बघून बघून शिकले असतील."

"बघून कोणी शिकत नाही, पाटील. आपल्या हातांनी करायचं, बिघडलं की पुन्हा करायचं, तेव्हा ते अंगात मुरतं."

पाटलांनी विचार केला. "बरं. पुढच्या चैत्रापर्यंत मुलं तुझी. तेव्हा साऱ्या गावासमोर परीक्षा. एकाही पोराचा दोर तुटला, तर सगळी परत पाठशाळेत."

तरुण उत्साहाच्या भरात हो म्हणाला. जिथे बिघडू द्यायचे, तिथे बिघडायलाच बंदी आली, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

नदीकाठी शाळा सुरू झाली. मुले त्याला गुरुजी म्हणू लागली. दुपारी मुले वाख पिळून पेड करत. ते पेड ओले करून दगडाखाली ठेवायचे, म्हणजे रातोरात पीळ बसतो. सकाळी तीन पेड एकत्र घेऊन उलट दिशेने वळायचे, की झाला दोर. पेडाचा पीळ एकीकडे, दोराचा दुसरीकडे. म्हणून दोन्ही एकमेकांना धरून राहतात. मग आपला दोर जांभळीच्या फांदीला बांधून डोहावर लोंबकळायचे. दोर टिकला तर पास, तुटला तर पाण्यात.

सुरुवातीला मुले धपाधप पाण्यात पडली.

"अरे, दोर वळलास की शेवया?" काठावरची पोरे ओरडत.

"तू ये ना वर! तुझ्या दोरावर तर माशीसुद्धा बसत नाही, पडेल म्हणून!" पाण्यातले मूल उलटून म्हणे.

पडलेले मूल नाकातोंडातले पाणी पुसत वर येई, तुटलेला दोर उलगडून बघे आणि पुन्हा वाख घेऊन बसे. गुरुजींच्या आनंदाला पारावार नव्हता.

त्या मुलांत एक डावखुरी मुलगी होती. सगळे तिला डावरी म्हणत. तिची आई म्हणजे गावातला सर्वांत पक्का हात. तिने वळलेल्या दोराला हत्तीही बांधावा. सारे गाव उजवीकडे पीळ देई, पण डावरीचा हात आपसूक डावीकडे वळे. मग शिकवल्याप्रमाणे दोर डावीकडे वळला, की तिचा पेड घट्ट व्हायच्या ऐवजी उलगडत जाणार. चूक एवढीच होती. एकदा डोळ्यांनी पाहिली असती, तर तिची तिलाच उमगली असती.

पण ती पाहायची वेळ तिच्यावर आली नाही. डोहात पडणारी मुले तिच्या आईने पाहिली. "माझी पोर, आणि साऱ्या गावासमोर गटांगळ्या खाणार?" संध्याकाळी मुले घरी गेली की ती हळूच नदीवर येई, दगड उचली, लेकीचा पेड उलगडी, उजवीकडे पिळून पुन्हा होता तसा ठेवी. तिचे पाहून दुसरी आली, तिसरी आली. हळूहळू गावातल्या साऱ्याच आया येऊ लागल्या.

मुले पाण्यात पडेनाशी झाली.

एका संध्याकाळी गुरुजींनी डावरीच्या आईला दगडापाशी पाहिले. तिच्या हाताला ओला वाख चिकटलेला होता.

"हे काय करताय, बाई?"

"लहान आहे हो ती अजून. मोठी झाली की येईल आपोआप." मग तिने मान वर केली. "आणि तुटला तिचा दोर, तर शाळा कुणाची जाईल, गुरुजी?"

गुरुजींनी पाठ फिरवली आणि ते घरी गेले.

चैत्रात परीक्षा झाली. एकही दोर तुटला नाही. पाटलांनी डावरीचा दोर दोन्ही हातांनी हिसडून पाहिला आणि ते गरजले, "वा गं डावरे! आईचाच हात उतरलाय तुझ्यात!" डावरी हरखून आईकडे धावली. आई खाली बघत होती.

परीक्षेचे दोर गावाने लांबच्या मळ्यांतल्या विहिरींना वाटून टाकले, गावातले बाकीचे दोर आधीच बाजाराला गेले होते, आणि मोठी माणसे कलिंगडे उतरवायला बेटावर गेली.

त्याच दिवशी वरच्या डोंगरात अवेळी आभाळ फाटले. गावावर ऊन होते, पण नदी गढूळ झाली, फुगली आणि बघता बघता जांभळीपासून ताणलेला जुना दोर तिने तोडून नेला. बेटावरची वाळू खचू लागली. पाटील, डावरीची आई आणि बाकीची सारी माणसे बेटावरच्या खडकावर गोळा झाली. पाणी चढत होते.

काठावर होते फक्त गुरुजी, मुले आणि शाळेतला उरलेला वाख. एकच दोर होईल, एवढा.

"आपण वळू!" डावरी ओरडली. "गुरुजी, आम्हांला येतं!"

मुले कामाला लागली. तीन पेड धरले. सर्वांत चांगला हात म्हणून एक डावरीला दिला. बाकीची मुले भराभर वाख पुरवत होती. कोणी रडत नव्हते. साऱ्यांना आपल्या हातांची खात्री होती.

पेड झाले, पण ते दगडाखाली ठेवायला आज संध्याकाळ नव्हती. मुले लगेच दोर वळायला बसली.

"गुरुजी," डावरी गोंधळून म्हणाली, "माझा पेड सैल पडतोय. असं कधीच होत नाही."

गुरुजींनी पाहिले. तिचा पेड उलटा, डावीकडे पिळलेला होता. दुसरा वाख नव्हता, आणि हा उलगडून पुन्हा पिळायला वेळही नव्हता. पाणी खडकाच्या कडेला लागले होते.

"ओला आहे म्हणून," ते म्हणाले. "ओढ."

दोराचे एक टोक जांभळीला बांधले. दुसऱ्याला वाळका भोपळा बांधून तो वरच्या वळणावरून पाण्यात सोडला. प्रवाहाने तो वाहत नेऊन खडकापाशी टेकवला. पाटलांनी टोक हाती घेतले, खडकाला बांधले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा एक पेड उलटा पिळलाय. खडकाजवळ तर पार उघडा पडलाय. कुणाच्या हातचा हा?"

डावरीच्या आईने पाहताक्षणी ओळखला.

"माझ्या," ती म्हणाली.

मग ती खडकावर गुडघे टेकून बसली. जिथे दोर उघडत होता तिथे तिने तो दोन्ही मुठींत आवळला आणि पेड उजवीकडे पिळून धरला. "एकेक जण निघा. मी धरलाय."

एकेक जण निघाला. प्रत्येकाच्या ओझ्याने पेड उलगडू बघे आणि ती तो पुन्हा पिळी. तळहात सोलवटले, वाख लाल झाला. म्हातारी माणसे गेली, बाया गेल्या, शेवटी पाटील गेले. सारे काठाला लागले.

खडकावर ती एकटी उरली. आता दोर धरून ठेवायला कोणी नव्हते.

तिने मुठी सोडल्या, दोर पकडला आणि ती पाण्यात उतरली. ती अर्ध्या वाटेवर असताना दोर खडकापाशी तुटला, तिच्या सोलवटलेल्या मुठींतून निसटला आणि नदीने तिला ओढून नेले. काठावरून सगळ्यांनी पाहिले. कोणालाच काही करता आले नाही.

मुलांनी दोर ओढून घेतला. त्याचे तुटके टोक डावरीने हातात धरले. ती म्हणाली, "गुरुजी, वर्षभर माझा दोर कधी तुटला नाही. आजच कसा तुटला?"

गुरुजींना खोटे बोलता आले असते. आज सारे नदीच्या नावावर खपले असते. पण ते तिच्यासमोर वाळूत बसले आणि त्यांनी तिला सारे सांगितले. दगड, संध्याकाळ, आई, आणि आपण फिरवलेली पाठ. ऐकताना डावरीचे बोट त्या उघड्या पेडावरून फिरत होते. एकाएकी तिने तो उजवीकडे पिळला. तो घट्ट बसला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

पाटलांनी आपली पगडी काढून मांडीवर ठेवली.

त्यानंतर त्या गावात परीक्षेची अट राहिली नाही. दगडाखालच्या पेडांना मोठ्यांनी हात लावायचा नाही, असा गावाने दंडक घातला. डावरीने पुन्हा कधी दोर वळला नाही. मात्र दरवर्षी नवी मुले शाळेत आली, की ती जांभळीखाली येऊन बसे. पहिल्यांदा पाण्यात पडलेले मूल कुडकुडत वर आले, की त्याची आई पुढे धावे. डावरी तिला हाताने अडवी, तुटलेला दोर मुलाच्या हाती देई आणि एवढेच म्हणे, "बघ."

मुलांनो, आणि मुलांच्या आई-बाबांनो, ध्यानात ठेवा: लेकराच्या हातची चूक जो मायेने काढून घेतो, तो त्याच्या हातचे शिकणेही काढून घेतो.