टिटवीची अटकळ

पूर्वी नदीकाठचे प्राणी पावसाची अटकळ टिटवीच्या अंड्यांवरून बांधायचे. अंडी पात्रात असली तर पूर नाही, उंचावर असली तर नक्की. अजूनही काही शहाणे तेच बघतात, बघोत बापडे.

एका वर्षी टिटवीने बांधावर अंडी घातली. ती बघून उंदरीण बीळ सोडून पिल्लं टेकडीवर नेऊ लागली. टेकडी उघडीबोडकी. एक पिल्लू घारीने उचललं आणि पाऊस काही आला नाही.

उंदरीण टिटवीसमोर उभी राहिली. "तुझ्या अटकळीवर मी घर सोडलं, बाई."

"माझी कसली अटकळ? पात्रात म्हैस बसली होती. उठेना, म्हणून मी वर आले."

"मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस का? अगं, अटकळ आपल्या डोक्याने बांधायची असते. तू माती हुंगलीस? वारा बघितलास? मुंग्या तरी? माझी अंडी तेवढी बघितलीस."

उंदरिणीने माती हुंगली, मुंग्यांकडे नीट बघितलं आणि उरलेली पिल्लं बिळात परत आणली.

तिला उतरताना बघून टेकडीवरच्या सशांनी यंदा पूर नाही अशी अटकळ बांधली.