पावणेदोन तास

"मग मला उशीर झालाच कसा, महाराज?"

आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी निळकंठ सोनकुसरेनं चंदनगीर बुवांना विचारलं. बुवा आमच्या गावच्या मठातले म्हातारे गोसावी. निळकंठ दिल्लीला, विमान कंपनीत. एका विमानतळापासून दुसरा किती दूर, किती वेळ लागेल, हे काढणं त्याचं काम. घड्याळ चुकेल, मी चुकणार नाही, असं म्हणायचा.

"आईचं काही खरं नाही, असा पाचला फोन आला. सातच्या विमानात बसलो. साडेआठशे किलोमीटर, पावणेदोन तास. आणि ती आठलाच…"

बुवांनी मान वर केली.

"एक मिनिट वाया घालवलं नाही, महाराज."

"याच्या अगुदर कधी आलता?"

"… नऊ वर्षं झाली."

"काऊन?"

"जवळच तर आहे, असं वाटायचं. आईला फोनवर म्हणायचो, पावणेदोन तासांवर आहे मी. कधीही येईन."

त्याची आई, गिरजाबाई, ते गावभर सांगायची. राग आम्हाला यायचा, तिला कधीच नाही.

बुवा उठले. गिरजाबाईनं जिथं प्राण सोडला, तिथं ज्वारीचं पीठ पसरून दिवा लावला होता आणि वर टोपलं झाकलं होतं. गेलेल्या जिवाची खूण पिठात उमटते, म्हणतात. कधी चिमणीची नखं दिसतात, कधी मुंग्यांची रेघ. पीठ पसरताना निळकंठ हसला होता.

बुवांनी टोपलं उचललं.

पिठात माणसाचं पाऊल होतं. डावं, अनवाणी. करंगळी नसलेलं.

गिरजाबाईच्या डाव्या पायाची करंगळी विळ्यानं गेली होती. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

बोटं दाराकडं होती.

"दार कोणीकडं हाय?" बुवांनी विचारलं.

"उत्तरेला."

"अन् पाऊल?"

निळकंठ वाकला. बघत राहिला.

"उत्तरेलाच… जरासं पश्चिमेकडं." त्यानं मनात दिशा मोजली. "दिल्ली… बरोबर दिल्ली."

"हं."

"पण मी तर इथं आलोय!" तो ओरडलाच. "ती तिथं जाऊन कोणाला शोधेल? तिला कोण सांगणार, महाराज?"

वाऱ्यानं दार करकरलं, लागायला आलं. बुवांनी अंगणातला दगड आणला आणि दार उघडं राहील असा लावून ठेवला.

निळकंठ पिठाशेजारी बसला. पहिल्यांदाच रडला.

"परत यायला तिला… किती वेळ लागेल?"

"ते तर तुलेच काढता येते, बापू," बुवा म्हणाले. "माय पायी गेली."