उजेडासाठी सोडलेली जागा

ही गोष्ट फार जुनी आहे. कोणत्या राजाच्या काळातली, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा फोटोवाला राहत होता.

केरबाजवळ एकच कॅमेरा होता. पुढं काच, मागं फिल्मची पेटी, आणि मधे घड्याघड्यांचा कातडी भाता, लोहाराच्या भात्यासारखा. जत्रेच्या दिवशी सकाळी तो देवळाच्या पटांगणात, चिंचेखाली, कॅमेऱ्याची तिवई मांडायचा. जागा ठरलेली, वेळ ठरलेली. मग घराघरातली माणसं नवे कपडे घालून यायची. त्यांच्यामागं कुणीतरी पांढरी चादर धरायचं. केरबा म्हणायचा, "हालू नका, माझ्याकडं बघा." आणि त्या घराचा त्या वर्षाचा फोटो निघायचा.

एका वर्षी भात्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. केरबाला ते कळलंच नाही. सकाळचं ऊन त्यातून आत शिरलं आणि फोटोच्या एका बाजूला पांढरा उभा डाग उमटला.

त्याच वर्षी सोनाक्काचा नवरा वारला होता. सोनाक्का ही गावातली मोठ्या कुटुंबातली बाई, तीन मुलं, तीन सुना, नातवंडं. तिचा फोटो घेऊन केरबा मान खाली घालून गेला. फोटो बिघडला म्हणून माफी मागायची, एवढंच त्याच्या मनात होतं. पण त्यानं तोंड उघडायच्या आधीच सोनाक्कानं आपल्या शेजारच्या उजेडावर बोट ठेवलं.

"आले बघ," ती म्हणाली. "माझ्या शेजारी येऊन उभं राहिलेत."

तिचे डोळे भरून आले होते. केरबानं तोंडापर्यंत आलेले शब्द गिळले आणि तो घरी परतला.

गावात बातमी पसरली. ज्यानं त्यानं आपला फोटो पुन्हा निरखून पाहिला, तर प्रत्येकात त्याच बाजूला तो उजेड. कुणाचा आजा आला होता, कुणाची आई. पुढच्या जत्रेपासून रीतच पडली. प्रत्येक घर त्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी सोडू लागलं. गेलेल्या माणसानं येऊन उभं राहावं म्हणून.

पुढं ते भोक केरबाच्या नजरेला पडलं. बुजवायला कातड्याचा एक तुकडा पुरला असता. पण केरबाला वाटलं, एका भोकानं इतकी माणसं सुखावतात, ते कशाला बुजवा.

वर्षं गेली. कातडं वाळलं, घडीघडीवर चिरा पडल्या. आणि एका जत्रेला तो उजेड आपली जागा सोडून फोटोभर पसरला. एका घरात नवरदेवाचं तोंड पुसलं गेलं आणि दोन्हीकडचे व्याही एकमेकांवर घसरले. कुणी म्हणालं नवस राहिला, कुणी म्हणालं नैवेद्य चुकला.

सोनाक्काच्या फोटोत तर तिचाच चेहरा नाहीसा झाला होता.

"त्यांनी माझं तोंड पुसलं," ती म्हणाली आणि अंथरुणाला खिळली. माझ्या हातून काय चुकलं, हेच ती दिवसभर आठवत बसायची. तिचं अन्न सुटलं. केरबा भेटायला गेला तेव्हा तिनं त्याचा हात धरला. "मी जायच्या आधी एकदा परत फोटो काढ, केरबा. त्यांचा राग गेला का, तेवढं बघू दे मला."

केरबा कॅमेरा पाठीला बांधून शहराकडं निघाला. तिथं पेठेत दस्तगीर मिस्त्री राहायचा. कॅमेरे दुरुस्त करायचा आणि विकायचाही. त्यानं भाता खिडकीपुढं धरला, आतून डोळा लावला आणि म्हणाला, याची तर पार चाळण झालीय. काच चांगली आहे, पेटी चांगली आहे. म्हणशील तर नवा भाता शिवून देतो, म्हणशील तर कपाटातला हा नवा कॅमेरा घेऊन जा.

यातलं काय करावं हे केरबाला ठरवता येईना. मग त्यानं मिस्त्रीला सगळी हकिकत सांगितली. मिस्त्री बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"मग नवाच ने," तो शेवटी म्हणाला. "हाच कॅमेरा दुरुस्त करून नेलास, तर लोक विचारतील, उजेड कुठं गेला. आणि तुला खरं सांगावं लागंल. नवा नेलास तर विचारणारच न्हाईत. जुन्या पेटीत काहीतरी होतं, ते पेटीबरोबर गेलं, असं लोक आपले आपणच म्हणतील. तुला खोटंसुद्धा बोलायला नको."

केरबानं नवा कॅमेरा हातात घेतला. वजनाला हलका होता, चकचकीत होता. 'घेतो' हा शब्द त्याच्या ओठांवर आलाही. आणि मग त्याला सोनाक्काचं अंथरूण दिसलं. नव्या कॅमेऱ्यात उजेड उमटणार नव्हता. सोनाक्कानं त्या फोटोकडं पाहिलं असतं आणि मनात म्हटलं असतं, रुसून गेले ते गेलेच. त्याच दुःखात तिनं डोळे मिटले असते.

केरबानं नवा कॅमेरा हलकेच खाली ठेवला.

"भाता शिव," तो म्हणाला.

"म्हातारपणी मार खाशील गावाचा," मिस्त्री म्हणाला. पण त्यानं सुई-दोरा काढला.

केरबा परत आला तो थेट सोनाक्काच्या घरी. जुना भाता त्यानं बरोबर आणला होता. अंथरुणाशेजारी बसून तो दारातून येणाऱ्या उन्हात धरला, तशी उजेडाच्या बारीक बारीक टिकल्या सोनाक्काच्या वाकळेवर उमटल्या. तिनं हात पुढं केला. टिकल्या तिच्या तळव्यावर आल्या.

केरबानं काहीच झाकून ठेवलं नाही. पहिल्या दिवशी का बोललो नाही, तेही सांगितलं.

"म्हणजे ते आलेच न्हवते," सोनाक्का म्हणाली.

"न्हाई, आक्का."

"आणि रुसलेबी न्हाईत."

"तुमच्यावर कशाला रुसतील?"

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. केरबाला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात धाकटी सून अनसा पेजेची वाटी घेऊन आली आणि नेहमीसारखी ती उशाशी ठेवून उभी राहिली.

मग सोनाक्कानं भिंतीवरचे सगळे फोटो खाली काढायला सांगितले. एकेक फोटो ती डोळ्यांजवळ धरून पाहू लागली. आजवर ती फक्त उजेडाकडं पाहत आली होती. आता त्या उजेडापलीकडं, फोटोच्या अगदी कडेला, चादर धरलेली चार बोटं तिला दिसली. दुसऱ्या फोटोतही तीच बोटं. तिसऱ्यातही.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

उत्तर अनसानं दिलं. "माझी, आत्ती."

"आणि तू कुठायस?"

अनसा कसनुसं हसली. तिनं सांगितलं की फोटोची चौकट लहान. मामंजींची जागा सोडली की एक माणूस मावायचं नाही. मग ती बाहेर उभी राहून चादर धरायची. जागा सोडायची रीत पडली तेव्हापासून. "असू द्या की," ती म्हणाली. "कुणीतरी धरायला पायजेच."

सोनाक्कानं फोटो बाजूला ठेवला.

"दारात माणूस आला की त्याला आपली जागा देऊन ते कट्ट्यावर जाऊन बसायचे," ती म्हणाली. "आणि त्यांच्या नावानं मी हिला बाहेर उभी केली."

तिनं पेजेची वाटी उचलली आणि हळूहळू सगळी पेज प्याली. दुसऱ्या दिवशी सकाळी चादर खिळ्यांना टांगली गेली. सोनाक्काला खुर्चीवर बसवलं. तिच्या शेजारी, इतकी वर्षं रिकाम्या सोडलेल्या जागी, अनसा उभी राहिली. फोटोत सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आले. उजेड कुठंच नव्हता. सोनाक्कानं तो फोटो उशीखाली ठेवला आणि त्या दिवसापासून तिला शांत झोप लागू लागली.

गाव मात्र चिडलं. केरबानं आमच्या भावनांशी खेळ केला, असं लोक म्हणाले. काही घरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. केरबानं सगळं ऐकून घेतलं, कारण ते खोटं नव्हतं. पण सोनाक्काच्या घरची हकिकत हळूहळू सगळीकडं पोचली आणि लोक आपापल्या घरी जुने फोटो काढून त्यांच्या कडा निरखू लागले. कुठं बांगडी घातलेलं मनगट दिसलं, कुठं फेट्याचं टोक, कुठं नुसती सावली. एका घरात ती विधवा आत्या होती, एका घरात पायानं अधू मुलगा. नवा कॅमेरा आला असता, तर या कडांकडं कुणी पाहिलंच नसतं.

पुढच्या जत्रेत लोकांनी चादर चिंचेच्या फांदीला बांधली. माणसं इतकी दाटीनं उभी राहिली, की केरबाला तिवई मागं मागं न्यावी लागली. सोनाक्का तेव्हा या जगात नव्हती. तिच्या घरची माणसं उभी राहिली, तेव्हा थोरल्या मुलानं आईसाठी म्हणून शेजारी थोडी जागा सोडली. अनसानं ते पाहिलं. पलीकडं त्यांच्या शेतावरचा म्हातारा गडी बैलाचं दावं धरून उभा होता. तिनं त्याच्या हातातलं दावं काढून खुंट्याला बांधलं आणि त्याला आणून त्या जागी उभं केलं.

"हालू नका," केरबा म्हणाला.

लेकरांनो, गेलेल्यांना मनात जागा द्यावी, पण त्यासाठी हयात माणसाला बाहेर उभं करू नये.