घाटात थांबलेला तुरेबाज

डोंगराला नुकतेच बोगदे पडले होते, तेव्हाची ही गोष्ट. तुरेबाज नावाचं तांबडं इंजिन रोज गाडी घेऊन घाट चढायचं. पायथ्याशी गाडीच्या मागे रेटाराम नावाचं काळं इंजिन लागायचं, वरपर्यंत ढकलायचं आणि सुटून खाली परतायचं. वरच्या स्टेशनात लोक हार घालायचे ते तुरेबाजला. मागे कोण होतं हे बघायला कुणाला वेळ नव्हता, आणि तुरेबाजला तर मान वळवताच यायची नाही.

रेटाराम परत निघाला की तुरेबाज प्रेमाने म्हणायचा, "मेहनत कर रे बाबा, आणि माझ्यासारखा नम्र राहा. एक दिवस तूही पुढे लागशील."

"बरं," रेटाराम म्हणायचा.

एकदा गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं. रेटारामला यायला उशीर झाला. "त्याच्यासाठी कशाला खोळंबायचं?" म्हणत तुरेबाज एकटाच निघाला. अर्ध्या घाटात त्याची चाकं जागच्या जागी फिरू लागली. शिट्ट्या झाल्या, धूर झाला, नवरदेव घामाघूम झाला. मग गाडी हळूहळू मागे सरकू लागली.

तेवढ्यात मागून ओळखीचा धक्का बसला. गाडी थांबली आणि पुन्हा वर चालू लागली.

मुहूर्त साधला म्हणून वरमाईने तुरेबाजला हार घातला. त्याने वाफेने घसा साफ केला आणि मागे ओरडला, "रेटाराम, मी वाटेत थांबलो म्हणून तुला मला गाठता आलं! यालाच म्हणतात नम्रपणा."

"बरं," रेटाराम म्हणाला आणि पुढची गाडी ढकलायला खाली उतरला.