राणी चारुमतीची पाच पिल्ले

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत आणि त्याचे कुणालाही नवल वाटत नसे, उदयकेतू नावाचा राजा होता. वर्षातले दहा महिने तो स्वारीवर असे. मागे राज्य राणी चारुमती सांभाळी आणि पाच मुलांनाही तीच सांभाळी.

असाच राजा दूर असताना काळभुंग नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याने खजिन्याच्या किल्ल्या मागितल्या. राणीने दिल्या नाहीत. मांत्रिकाने ओंजळभर राख फुंकली आणि सिंहासनावर तांबूस कोंबडी दिसू लागली. तिच्या पंखांखाली पाच पिल्ले होती.

राजा परतला तेव्हा कोनाड्यातल्या साळुंकीने त्याला सारे सांगितले.

"यावर उपाय?" राजाने विचारले.

"तीन गोष्टी घडाव्या लागतील," साळुंकी म्हणाली. "पाचांतले एकही पिल्लू दगावू नये. चाळीस दिवसांत पाचांनाही पुरती पिसे यावीत. आणि एकेचाळिसाव्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, कोंबडीने पोटभर दाणा खावा. यातले एक जरी चुकले तरी सहाही जण जन्मभर असेच राहतील."

राजवैद्य धावले. पिल्लांना मखमलीवर ठेवले, चांदीच्या वाट्यांतून केशरी दूध आणि बदामाचे वाटण दिले. तिसऱ्या दिवशी पिल्लांचे पंख लोंबू लागले, डोळे मिटू लागले. सर्वांत धाकटे तर दुधाच्या वाटीत पडून बुडता बुडता वाचले. राजाने दवंडी पिटवली, तेव्हा रानाच्या कडेला राहणारी येसाई आली. साठ वर्षे तिने कोंबड्या पाळल्या होत्या.

तिने एक पिल्लू तळहातावर उलटे धरले आणि मान हलवली.

"मखमल काढा महाराज, हिच्यावर पाय घसरतात. दूध बंद करा, त्याने यांना हगवण लागली आहे."

"मग द्यायचे काय?"

"बाजरीच्या बारीक कण्या. आणि मातीच्या उथळ परळात पाणी. परळात खडे टाका, म्हणजे चोच भिजेल, पिल्लू बुडणार नाही."

येसाईने कोमट पाण्याच्या बोळ्याने एकेका पिल्लाचे बूड पुसले. कोरडे गवत अंथरले. शेण आणि पालापाचोळा भरलेले मडके वारुळापाशी पालथे घातले आणि दुसऱ्या दिवशी त्यात जमलेली वाळवी पिल्लांपुढे झटकली. पिल्ले तुटून पडली. कोंबडीला अंग घुसळायला तिने राखेचा खळगा करून दिला. आठ दिवसांत चिवचिवाट महालभर ऐकू येऊ लागला.

विसाव्या दिवशी आकाशातून घार झेपावली. तो काळभुंगच होता. कोंबडीने एकच हाक दिली, पाचही पिल्ले तिच्या पोटाखाली शिरली आणि येसाईने हातातले, पिल्ले झाकायचे वेताचे डालगे घारीच्या तोंडावर हाणले. घार भेलकांडत उडून गेली.

चाळिसाव्या दिवशी पाचांच्याही अंगावर पुरती पिसे होती. पण येसाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

"कोंबडीच्या छातीचे हाड हाताला लागते आहे," ती राजाला म्हणाली. "दाणा दिसला की ही पिल्लांना हाक मारते आणि चोचीतला दाणा त्यांच्यापुढे टाकते. मी भरवते तेवढ्यावर जगली आहे. पोटभर अशी ती एकदाही जेवली नाही."

एकेचाळिसावा दिवस उजाडला. येसाईने पिल्ले डालग्याखाली झाकली, तर कोंबडी दाणा सोडून डालग्याभोवती फेऱ्या घालू लागली. मग येसाईने पिल्ले आपल्या पदरात घेतली, तर कोंबडीने तिचा हात टोचून रक्त काढले. दिवस कलू लागला.

"मी परकी पडले, महाराज," येसाई म्हणाली. "आता तुम्ही बसा."

"मी या मुलांना कधी मांडीवर घेतलेले नाही."

"मग आज घ्या."

राजाने तलवार बाजूला ठेवली, चिलखत उतरवले आणि तो भुईवर बसला. शेल्यात पाच पिल्ले घेतली. त्यांची काळजे बोटांखाली धडधडत होती. एक खांद्यावर चढले, एक दाढीत चोच मारू लागले. कोंबडी समोर उभी राहून पाहत होती. राजाच्या पायांना मुंग्या आल्या, तरी तो हलला नाही. ऊन भिंतीवरून वर वर सरकत गेले.

"चारू," राजा हळूच म्हणाला, "मी कुठेही जात नाही. तू जेव."

कोंबडी आणखी थोडा वेळ थांबली. मग वळली आणि कण्यांच्या परातीकडे गेली. तिने एक दाणा टिपला आणि हाक न मारता गिळला. मग दुसरा. तिचा गळा फुगेपर्यंत ती खात राहिली, मग पाणी प्यायली.

परातीपाशी राणी चारुमती बसलेली होती. ओठाला बाजरीची कणी चिकटली होती. राजाच्या मांडीवर एकाएकी पाच मुलांचा भार आला आणि तो पाठीवर पडला. धाकटी त्याच्या छातीवर बसून हसू लागली. राणीही हसली आणि हसता हसता रडली. येसाईने पदराने आपले डोळे टिपले.

शाप सुटला तशी काळभुंगाची विद्याही गेली. घारीचा पुन्हा माणूस झाला नाही.

राजाने येसाईला गाव इनाम देऊ केला. "गाव नको," ती म्हणाली. "माझ्या कोंबड्या शेजारणीच्या गळ्यात घालून आले आहे. गाडी जुंपून द्या, म्हणजे लवकर पोहोचेन." राजाचा रथ तिला घरी सोडून आला.

राणी त्यानंतर दोन दिवस झोपली. तिला कुणी उठवले नाही. दरबारात निरोप गेला की महाराज मुलांना जेवू घालीत आहेत, प्रधानांनी उद्या यावे.