रजूची वाटी

त्या राज्यात सगळेच वाळूचे होते, आणि सगळ्यांनाच घाई होती. राज्यभर दारंच दारं. नगाऱ्याचा ठोका पडला की दार उघडायचं, पुढचा पडला की मिटायचं. राज्याचे निरोप त्यातूनच पळत. प्रत्येक दारवानाला कामाच्या बळासाठी दिवसाला एक घोट उजेड मिळे. त्याहून जास्त मागणं असभ्य समजलं जाई.

प्रत्येक दाराशी एक रांजण असे. दार उघडण्याआधी तो काठोकाठ भरायचा, मिटण्याआधी उपसून रिकामा करायचा. का, ते कुणी विचारलं नव्हतं. वाडवडिलांनी भरला, म्हणून भरायचा.

नगारे मात्र दरवर्षी जलद होत गेले. तीन ठोके चुकले की दारवानाला पाटीत भरून किनाऱ्यावर ओतून देत. कणाई नावाच्या दारवानिणीचे दोन चुकले होते. कडेवर तिची लेक रजू, जेमतेम चिमूटभर. आपण ओतले गेलो तर हिला कोण उचलणार, या धास्तीनं कणाई रांजण भरताना पुन्हा पुन्हा रजूकडे पाही, आणि पाणी सांडे. बाकीच्यांना जमतंय म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी, असं ती स्वतःला बजावत असे.

मग वेगमंडळ आलं. मंडळाचे प्रमुख ढोलबा आतून पूर्ण पोकळ होते, त्यामुळे त्यांचा आवाज लांबवर जाई. त्यांनी दारं रंध्यानं तासून पातळ केली, बिजागऱ्यांना तेल दिलं, आणि उंबऱ्यावर उभं राहून वेगाचं महत्त्व सांगितलं. हे सांगायला त्यांना दोन तास लागले. जाताना त्यांनी रांजणाला वाकून नमस्कार केला.

"रांजण जरा लहान केला तर...?" कणाईनं चाचरत विचारलं.

"बाई, तुमचं मन कामात नाही," ढोलबा म्हणाले. "कडेवर मूल असलं की होतंच असं."

शेजारच्या दारावरचा खडेराव फिस्सकन हसला. "अगं कणाई, एवढं सोपं असतं तर मोठ्यांना सुचलं नसतं?"

तिलाही तेच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी रांजण अर्धाच भरला होता, तोच नगाऱ्यावरची टिपरी उचललेली दिसली. घाबरून तिनं रांजण खांद्यानं बाजूला रेटला आणि त्या जागी रजूची पाणी प्यायची वाटी ठेवली. ओंजळभर पाण्यात ती भरली. ठोक्याचा घुमारा विरायच्या आत दार उघडलं, पुढच्या ठोक्याला मिटलंही. त्या दिवशी पहिल्यांदाच अर्धा घोट उजेड उरला. तो तिनं रजूला पाजला.

आठवड्याभरात मंडळ हार घेऊन हजर झालं.

"पाहा, रंध्याचा गुण!" ढोलबा गरजले.

"आणि आपल्या भाषणाचा," मागून कुणीतरी पुस्ती जोडली.

"साहेब, ते वाटीमुळे..."

"वाटी तर आम्ही जपणारच, बाई!"

वाटी काचेच्या पेटीत गेली. रांजण हलवून कणाईच्या दाराशी, तिचा मान म्हणून, दोन रांजणांचं पाणी मावेल असं चांदीचं घंगाळ बसवण्यात आलं. तिच्या दाराचा वेग हाच आता साऱ्या राज्याचा वेग ठरला, आणि नगाऱ्यांचे ठोके त्या हिशेबानं आणखी जलद केले गेले.

कणाई बादली घेऊन धावू लागली. रजू काचेला नाक लावून वाटीकडे पाहत होती. घंगाळाचा तळसुद्धा झाकला नव्हता, तोवर टिपरी उचलली गेली. मंडळींकडे एक हार जास्तीचा उरला होता. तो त्यांनी कणाईसाठी दाराबाहेर आणून ठेवलेल्या पाटीला घातला.