खुराचा ठसा

माझी शाळा सातवीतच सुटली. शुद्धलेखनाच्या चुका होतील, शब्दही साधेच आहेत. बालमित्रांनी सांभाळून घ्यावे. पुस्तकात दूरच्या मुलखातून आलेल्या शक राजांचा एक धडा होता. त्यांचे राज्य उभे कसे राहिले आणि बुडाले कसे, हा विचार डोक्यातून गेला नाही. त्यावरून ही गोष्ट मनाने रचली आहे.

एका जंगलातल्या तळ्याचा बांध फुटला होता. तिथे उत्तरेच्या थंड मुलखातून घोड्यांचा एक कळप आला. "हे कुठले परके?" म्हशी कुजबुजल्या. म्होरक्या घोडा सरळ बांधाकडे गेला. त्याने कळपाकडून बांधावर ओली माती ढकलून घेतली, ती तुडवून घट्ट केली आणि शेवटी वर आपल्या खुराचा ठसा उमटवला. पावसाळ्यात तळे भरले. पोटभर पाणी पिऊन म्हशी म्हणाल्या, "आता राजा तूच, बाबा."

घोड्यांची एक रीत होती. राजा गेला की गादी आधी धाकट्या भावाला, मुलाला नंतर. नव्या राजाने अख्खा बांध तुडवायचा, मगच ठसा. पण भाऊ पुष्कळ, पाळी येई ती म्हातारपणी. कुणाचे गुडघे दुखत, कुणाला दम लागे. तुडवणे मागे पडले. आधीच्या ठशावर आपला ठसा, एवढेच उरले.

बांधाखाली टिटवीची अंडी होती. टिटवी म्हणाली, "महाराज, बांधाला ओल आली आहे. जरा तुडवा ना."

"पुढच्याला सांग. माझे वय बघ," म्हातारा राजा म्हणाला.

तो वारला, तेव्हा त्याचा भाऊ आणि मुलगा दोघेही बांधावर आले.

"काका, तुमचे दातसुद्धा पडले," म्हणत पुतण्याने ठसा मारला.

"तुझ्या बापाने रीत पाळली. तू मोडणारा कोण?" काकाने त्यावरच आपला मारला.

दिवसभर दोघांनी एकाच जागी खूर आपटले. "अहो, खड्डा पडतोय," टिटवी सांगून थकली. संध्याकाळी त्याच खड्ड्यातून पाणी बाहेर पडले आणि बांध वाहून गेला. अंडी गेली, सगळे ठसेही गेले. काकाने म्हशींना हाक मारली.

"ठसा तुमचा, तर मातीही तुम्हीच तुडवा," म्हशी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तहानलेला कळप पांगला. पूर्वेकडून सिंह आला आणि राजा झाला, त्याला लढावेही लागले नाही.

तात्पर्य : ज्या कामाने मान मिळतो, त्याच कामाने तो टिकतो, नुसत्या ठशाने नाही.

ही गोष्ट लिहून झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या गावतळ्याच्या बांधावर गेलो. तिथल्या दगडावर मागे कधीतरी मी माझे नाव कोरले होते. त्याच्या शेजारी बांधाला एक भेग होती. तिच्यात ओली माती भरली आणि पायांनी तुडवली.